दावणीवरचं देवपण

ज्याला देव म्हणून हात जोडायचे, त्याला पोसायचं कोणी आणि त्याचं मढं उचलायचं कोणी, हा प्रश्न खेड्यात वाढलेल्या माणसाला चुकत नाही. शहरात गाय बहुतेकदा कॅलेंडरवर भेटते. आमच्याकडं ती गोठ्यात होती. शेण, गोचीड, लाथा आणि कडब्याच्या भावासकट.

बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं चोळायचे. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, आणि घरातल्या पोरांच्या आधी पुरणपोळी बैलाच्या तोंडात. त्या दिवशी कोणी चाबूक उगारला तर आजी अंगावर धावून यायची. ही श्रद्धा खोटी नव्हती. पण तोच बैल म्हातारा झाला, जू ओढवेना, की आजा त्याला बाजारात न्यायचा. हेडी रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचा. बैल पुढं कुठं जाणार हे दोघांनाही ठाऊक असायचं, बोलायचं कोणीच नाही. आजा दावं तेवढं सोडून घरी आणायचा आणि त्या रात्री जेवायचा नाही. आलेल्या पैशात भर घालून नवा खोंड यायचा. ह्याला कोणी ढोंग म्हणेल. मला ते कुणब्याचं गणित वाटतं, आणि त्या गणितात दुःखही धरलेलं होतं.

खरं ढोंग दुसरीकडं होतं. जनावर दावणीलाच मेलं की निरोप गावकुसाबाहेर जायचा. मेलेलं ढोर ओढून नेणं हे महारकीचं काम. ज्यांना दुसरं काही मिळत नव्हतं, ते ते मांसही खायचे. आणि ते खातात म्हणून गाव त्यांचा विटाळ मानायचं. म्हणजे जनावर जिवंत असेतो देव, मेलं की घाण, आणि ती घाण उचलणारा माणूस जन्माचा अस्पृश्य! १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडा असं सांगितलं. लोकांनी ते सोडलं, ढोरं ओढायचंही नाकारलं. तेव्हा कित्येक गावं खूश होण्याऐवजी चिडली. देवाचं मढं आता आपणच उचलायचं की काय, असा पेच त्यांना पडला.

गाय पहिल्यापासून अशीच पूज्य होती असं आपण धरून चालतो. जुने ग्रंथ तसं सरळ सांगत नाहीत. वेदांत गाईला ‘अघ्न्या’, म्हणजे मारू नये अशी, म्हटलंय. आणि पाणिनीच्या व्याकरणात पाहुण्याला ‘गोघ्न’ हा शब्दही आहे. ज्याच्यासाठी गाय मारतात तो. पुढं धर्मशास्त्रकारांनी कलियुगात काय काय करू नये याच्या याद्या केल्या. त्या कलिवर्ज्यांत गोवध आहे. जे कधी होतच नव्हतं ते वर्ज्य कशाला करतील? भारतरत्न पां. वा. काणे यांच्यासारख्या पंडितानं ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त हे सगळं न लपवता मांडलंय. १९४८च्या पुस्तकात आंबेडकरांनी तर अस्पृश्यतेचं मूळच गोमांसाच्या प्रश्नात शोधलं. त्यांचा तर्क सगळ्यांना पटला नाही, पण तो प्रश्न टाळता आलेला नाही. हिंदुत्वाचा विचार मांडणारे सावरकरसुद्धा गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला पाळावं, पुजू नये, असं लिहून गेले.

यातून गोमांस खावं असं निघत नाही. पूर्वज खात होते म्हणून आपण खावं, हा काही युक्तिवाद नव्हे. चालीरीती बदलतात, दयाही वाढत जाते, आणि ते चांगलंच आहे. निघतं ते एवढंच, की आज एखाद्याच्या ताटावरून त्याचा धर्म आणि देशप्रेम मोजायचा अधिकार परंपरेनं कोणाला दिलेला नाही.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती. २०१५ साली ती बैलांनाही लागू झाली. बंदीच्या बाजूचा माणूस विचारतो, ‘आईला म्हातारपणी कोणी विकतं का?’ प्रश्न खोटा नाही. पण आईला सगळी लेकरं मिळून सांभाळतात. इथं घोषणा सगळ्यांची आणि कडबा एकट्या शेतकऱ्याचा! दुष्काळात माणसालाच पाणी नाही, आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. मग कोणी रात्री दावं सोडून देतो. ते जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरतं, काठ्या खातं, रस्त्यावर वाहनाखाली येतं. त्याला मारलं कोणीच नाही, म्हणून पाप कोणाच्याच माथी नाही.

मला वाटतं, पावित्र्य स्वतःच्या खांद्यावर घेतलं तरच ते पुण्य. ज्याला गाय माता वाटते त्यानं तिला जरूर माता मानावं. एक भाकड गाय दारात बांधावी, तिचं शेण काढावं, आणि मेल्यावर तिचा खड्डा स्वतः खणावा. दुसऱ्याच्या गोठ्यातला देव आणि दुसऱ्याच्या ताटातलं पाप दाखवायला काहीच खर्च येत नाही.