मागितलेले हसू

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात हवाई सेविकांच्या कामाचे विश्लेषण करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. पगाराच्या मोबदल्यात स्वतःच्या भावना आणि त्यांचे दर्शन यांना वळण लावणे, असा तिचा अर्थ. तिच्यातून उद्भवणाऱ्या पेचाविषयी मानसशास्त्राचे एक प्राध्यापक आणि नाट्यशास्त्राच्या एक अभ्यासक यांच्यात झालेला हा संवाद.

प्राध्यापक : हे श्रम दोन रीतींनी होतात. वरवरच्या अभिनयात राग आत तसाच राहतो आणि केवळ मुद्रा बदलते; सखोल अभिनयात मात्र, आरडाओरडा करणारा प्रवासी म्हणजे भेदरलेले मूल आहे अशी कल्पना करून रागच निवळवला जातो. ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांच्या १९९३ च्या प्रयोगात किळसवाणी चित्रफीत पाहताना ज्यांनी चेहरा निर्विकार ठेवला, त्यांची किळस कमी झाली नाही, उलट अनुकंपी चेतासंस्थेची, म्हणजे शरीराला ताणासाठी सज्ज करणाऱ्या यंत्रणेची, उत्तेजना वाढली. तेव्हा सखोल अभिनयच हितकर मानावा.

अभ्यासक : भरतमुनींचा कौलही वरकरणी तिकडेच दिसतो, कारण अश्रू, स्वेद, रोमांच असे आठ सात्त्विक भाव मन एकाग्र झाल्यावाचून नटाला साधत नाहीत, असे नाट्यशास्त्र सांगते. परंतु रंगमंचावरील दुष्यंताचा शोक दुष्यंताचा आहे हे नट आणि प्रेक्षक दोघेही जाणून असतात, आणि प्रयोग संपताच तो शोक उतरवून ठेवता येतो. सेविका स्वतःच्याच नावाने वावरते. तिच्याकडून केवळ मुद्रा मागितली, तर मुद्रेआड तिची जागा उरते. मनच मागितले, तर अपमान झाल्याची खूण पटवणारा रागही, तिने त्याचे ऐकण्याआधीच, विझवला जातो. ही हानी नुसती मुद्रा राखण्याच्या थकव्याहून मोठी आहे.

प्राध्यापक : मग वेदनेने चिडलेल्या रुग्णाला समजून घेणारी परिचारिकाही स्वतःला गमावते, असे म्हणावे लागेल.

अभ्यासक : नाही. रुग्णाच्या चिडण्यामागे वेदना खरोखरच असते; परिचारिका ती ओळखते, तेव्हा तिचा राग सत्य कळल्यामुळे शमतो. शिवीगाळ करणारा प्रौढ प्रवासी मात्र मूल नसतो, आणि त्याला मूल मानायला प्रशिक्षणातच शिकवलेले असते.

प्राध्यापक : भेद मान्य आहे, पण कामाच्या धांदलीत तो पारखायला सवड कोणाला मिळते? शिवाय ज्या सेविकेला न हसण्याची मुभाच नाही, तिच्यापुढे थकवा किंवा स्वतःच्या भावनांशी परकेपणा एवढेच पर्याय उरतात.

अभ्यासक : त्यांतला कोणता स्वीकारायचा हे निदान तिने ठरवावे, मालकाने नव्हे; थकवा आला तर तो आपल्याला आला आहे एवढे तरी तिला कळते.