मुभा आणि मज्जाव

कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे, हे आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या साध्या श्रोत्यालाही ठाऊक असते. परंतु त्या थोर रूपकात चाक आसाशी कसे बांधलेले असावे, आस रथाच्या साटीखाली कसा धरून ठेवावा, वाटेत खाचखळगा आला असता कोणत्या अवयवाने हलावे आणि कोणत्याने जागा सोडू नये, याविषयी एक अक्षरही नाही. रथ सुताराने नीट घडविला असेलच, असे गृहीत धरून ऋषीने सारा भार लगामावर आणि तो धरणाऱ्या हातावर टाकला आहे. सारथी जागरूक आहे, घोडे वळणातले आहेत, आणि रथच वाईट जोडलेला आहे, अशा प्रसंगी काय व्हावे, हा प्रश्न त्या उपनिषदाच्या विषयाबाहेरचा असेल; नीतीच्या विषयाबाहेरचा तो नाही, आणि मला तर तो तिच्या अगदी मध्यावरचा वाटतो.

हा प्रश्न मला सुचला तो दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्यांच्या गॅरेजात, 1932 सालच्या एका फोर्ड गाडीच्या पोटाखाली पाठ टेकून वर पाहताना. त्या साली फोर्ड कंपनीने 221 घन इंचांचे आणि 65 अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत बसविले, आणि पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या तेव्हा त्या प्रांतातील तरुणांनी त्यांचे मडगार्ड उतरवून, वजन घटवून, इंजिनाची ताकद वाढवून, म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळविल्या. हॉट रॉड म्हणतात ती गाडी हीच. बाहेरून पाहणाऱ्याला हा सारा मामला केवळ बेदरकारपणाचा वाटतो, परंतु तो समज अन्यायाचा आहे. याच मंडळींनी 1937 साली आपली संघटना उभारली, आणि 1951 साली ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती नियमबद्ध धावपट्टीवर आणण्यासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. या परंपरेतला एक नियम मला फार सुंदर वाटतो: चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असता कामा नये, म्हणजे टायरमधील हवा एकाएकी गेली तरी काहीही जमिनीत रुतणार नाही. वेगावर ज्यांचे सर्वाधिक प्रेम होते त्यांनीच हा हिशेब केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

स्नेह्यांनी विकत घेतलेली गाडी मात्र असल्या कोणत्याही तपासणीच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नव्हती. वरून ती देखणी होती. लाल रंगाचे थर आरशासारखे चमकत होते. मूळच्या फोर्डमध्ये पुढचा आस घडीव पोलादाचा, त्यावर एकच आडवा कमानपाटा, आणि आसाच्या दोन टोकांकडून निघून मागे इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे एकत्र येणाऱ्या दोन दांड्या. त्या एकत्र येत त्या ठिकाणी गिअरबॉक्सखाली एक गोळा असे, आणि त्या गोळ्याभोवती सारा आस निर्वेधपणे कलू शकत असल्यामुळे एक चाक दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात गेले तरी कोठेही पीळ पडत नसे. पूर्वीच्या कारागिराला नव्या इंजिनासाठी जागा हवी होती, म्हणून त्याने हा व्ही मधोमध कापला, दोन्ही दांड्या फाकवून त्यांची टोके चासीच्या दोन बाजूंना पक्की केली, आणि घडीव आसाच्या जागी शोभेसाठी गोल नळीचा आस घातला. आता एक चाक वर गेले की एक दांडी एका अंशाने फिरू पाहणार आणि दुसरी दुसऱ्या. म्हणजे आसाला पीळ बसणार. घडीव आसाचा छेद इंग्रजी आय अक्षराचा असतो आणि तो थोडा पीळ सोसतो, गोल नळी तो सोसत नाही, आणि नळीने नाकारलेला पीळ जातो तो ब्रॅकेटच्या वेल्डिंगमध्ये. डाव्या ब्रॅकेटवर बॅटरीचा झोत धरून स्नेह्यांनी मला ते वेल्डिंग दाखविले. त्याच्या काठाने एक केसासारखी रेघ होती, तिच्यातून तांबूस गंज पाझरलेला होता, आणि त्या रेघेवरून लाल रंगाचा ब्रश फिरविलेला होता. शेजारचा बोल्ट क्रोमच्या मुलाम्याने झळकत होता. कठीण केलेल्या पोलादात मुलामा देताना हायड्रोजन शिरतो आणि पोलाद तापवून तो वेळीच बाहेर काढला नाही तर असा बोल्ट काचेसारखा तुटतो, हे त्या चकाकीकडे पाहून कोणाला समजणार?

मागच्या आसाची कसूर नेमकी उलट जातीची होती. मूळचा आडवा पाटा काढून तेथे वळ्यांच्या स्प्रिंगा आणि चार समांतर दांड्या बसविल्या होत्या. या दांड्या आसाला पुढेमागे जाऊ देत नाहीत, पण आडव्या सरकण्याला त्यांचा मज्जाव नसतो, आणि तो मज्जाव करणारी आडवी दांडी बसवायचीच राहून गेली होती. वळणावर सबंध गाडीचा आडवा भार रबराच्या बुशांवर पडे. पुढचा आसही पाट्याच्या झुलत्या कड्यांवर डावीउजवीकडे हेलकावत असे, आणि स्टिअरिंगची आडवी दांडी त्याच्याबरोबर न गेल्यामुळे चालकाने हात न हलविताही चाके आपोआप वळत.

अवकाशातील कोणत्याही घन पदार्थाला सहा प्रकारची हालचाल शक्य असते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. दाराच्या बिजागऱ्या या सहांपैकी पाचांना मनाई करतात आणि एकाला मुभा देतात, म्हणूनच दार हे दार असते. गाडीच्या सबंध आसाला दोन मुभा हव्यात, सरळ वरखाली होण्याची आणि एका बाजूला कलण्याची. उरलेल्या चारांना मज्जाव हवा. या गाडीत जेथे मुभा हवी तेथे मज्जाव होता आणि जेथे मज्जाव हवा तेथे मुभा. पहिल्या दोषाने लोखंड तुटते, दुसऱ्याने गाडी भरकटते. बंधन आणि स्वातंत्र्य यांच्यासंबंधी आपण जो वाद घालतो तो बहुधा बंधन किती असावे एवढ्याच मापाने घालतो; कडक व्रतस्थाला वाटते अधिक असावे, स्वच्छंदी माणसाला वाटते कमी असावे. परंतु या चासीखाली बंधने थोडीही नव्हती आणि फारही नव्हती, ती भलत्या जागी होती, आणि म्हणून एकाच यंत्रात जखडलेपणा व उच्छृंखलता शेजारी शेजारी नांदत होती. व्रताच्या काठिण्याने घरच्यांना पिळून काढणारा आणि बाहेर व्यवहारात हवी तशी ढिलाई करणारा गृहस्थ पाहिला की मला आता हीच गाडी आठवते.

गाडी विकणाऱ्याने स्नेह्यांना अभिमानाने सांगितले होते की ही चालवायला हात लागतो, कोणाचेही काम नव्हे. या उद्गारात खोटेपणा नव्हता. तो माणूस खरोखरच ती गाडी वर्षानुवर्षे, क्षणोक्षणी स्टिअरिंग सावरून, प्रत्येक खड्ड्याआधी श्वास रोखून चालवीत आला होता, आणि त्या सावरण्यालाच तो कौशल्य समजत होता. नीतिविचारात हा माणूस आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्याच्या अंतःकरणातील सहानुभूती दुःखाने करपून गेली आहे, तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून दुसऱ्याच्या मदतीला धावतो, त्याच्या कृतीला खरे नैतिक मोल आहे, असे कांटने 1785 सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. उलट ॲरिस्टॉटलने वासनेशी झगडून तिला आवरणारा आणि जिच्याशी झगडावे अशी वासनाच उरलेली नाही असा, या दोन पुरुषांत भेद करून दुसऱ्याला श्रेष्ठ ठरविले. आपल्याकडे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात निग्रहाने काय साधणार, अशी शंका स्पष्ट घेतलेली आहे, आणि सहाव्या अध्यायात चंचल मनावर उपाय सांगताना अभ्यास आणि वैराग्य यांचे नाव घेतले आहे. अभ्यास म्हणजे रोजची लढाई नव्हे; लढाईचे कारणच हळूहळू उरू नये अशी घडण.

माझा कौल ॲरिस्टॉटलकडे आणि सहाव्या अध्यायाकडे आहे, आणि त्याचे कारण मला त्या गाडीच्या दुरुस्तीत दिसले. स्नेह्यांनी पुढचे दोन्ही ब्रॅकेट कापून काढले. आसाला प्रत्येक बाजूला वरखाली दोन अशा चार समांतर दांड्या दिल्या, म्हणजे चाक वर जाताना आस न पिळता उचलला जावा. स्टिअरिंगच्या दांडीला समांतर आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीची आडवी दांडी आसाला बांधली, म्हणजे दोन्ही एकाच कमानीतून फिराव्यात आणि चाकांनी परस्पर वळू नये. प्रत्येक बोल्टला दोन्ही बाजूंनी पोलादाची पट्टी दिली. वेल्डिंगवर लाल द्रव फासून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारून, कोठे चिरेची लाल रेघ उमटते का, ते पाहिले. उमटली तेथे वेल्डिंग घासून काढून पुन्हा केले. मागे साधी आडवी दांडी चालली असती: 75 सेंटिमीटर लांबीची, आडवी सरळ ठेवलेली दांडी चाक 5 सेंटिमीटर वर गेले असता आसाला सुमारे 1.7 मिलिमीटर बाजूला ओढते, आणि एवढा दोष कोणीही चालवून घेईल. त्यांनी तो चालवून घेतला नाही. जेम्स वॅटने 1784 साली वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ रेषेत चालावा म्हणून तीन दांड्यांची जी जोडणी शोधली, आणि जिचा आपल्या इतर सर्व शोधांपेक्षा आपल्याला अधिक अभिमान आहे असे त्याने उतारवयात मुलाला कळविले, तीच जोडणी त्यांनी मागच्या आसावर आडवी बसविली. तिच्या दोन दांड्या एकमेकींचे बाकदार मार्ग खोडून काढतात आणि आसाचा मध्य जवळजवळ सरळ उभ्या रेषेत वरखाली होतो. कोणी तरी वाकून चासीखाली पाहील अशी अपेक्षा या कामात नसते, आणि हाताने आणि बुद्धीने केलेल्या धर्मकृत्यांत मी त्याची गणना करतो.

गाडी पूर्ण झाल्यावर स्नेही मला जे म्हणाले ते असे: “आता चालवताना काही करावं लागत नाही, नुसतं रस्त्याकडे बघायचं.” या वाक्याचे मोल मला फार वाटते. पूर्वी त्या गाडीच्या चालकाचे सारे अवधान त्या गाडीवरच खर्च होत असे. फुटपाथवरून अचानक उतरणाऱ्या मुलासाठी त्याच्याजवळ काही शिल्लकच नसे. निग्रही माणसाच्या निग्रहाविषयी माझी तक्रार हीच आहे. तो खोटा नसतो, परंतु तो सतत स्वतःकडे पाहत असतो. आपण घसरलो नाही ना, याच्या पहाऱ्यात त्याचा दिवस जातो आणि शेजारच्याचे दुःख त्याच्या नजरेआड होते. ज्याची घडणच नीट जोडली गेली आहे त्याला स्वतःची रखवाली करावी लागत नाही, म्हणून तो दुसऱ्याला मोकळा होतो. ज्ञानदेवांसारख्यांच्या करुणेला जी सहजता आहे ती मला याच जातीची वाटते.

कांटच्या बाजूने मात्र एक गोष्ट उरते आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोष ध्यानात येताच स्नेह्यांनी ती गाडी रस्त्यावरून काढली, जॅकवर चढविली, आणि आस उतरलेला असताना ती महिनोन्‌महिने चाकांवाचून उभी राहिली. माणसाला ही सवलत नाही. रागीट बापाला आपल्या रागाची घडण बदलावयाची असली तरी आज संध्याकाळी त्याला घरी जावेच लागते, मुलांसमोर बसावेच लागते. व्यसनी मनुष्याला आपले व्यसन सुटेपर्यंत आयुष्य स्थगित ठेवता येत नाही. त्यांच्या वेल्डिंगला तडा आहे, तो त्यांना माहीत आहे, कित्येकदा तो त्यांनी स्वतः पाडलेलाही नाही, वाडवडिलांकडून तसाच आलेला आहे. आणि दुरुस्ती चालू असताना त्याच आसावर, त्याच खड्ड्यांतून, कुटुंबाला बरोबर घेऊन त्यांना पुढे जावयाचे असते. तेवढ्या अवधीत सावरणाऱ्या हातावाचून त्यांच्याजवळ दुसरे काय आहे? त्या हाताला मी कौशल्य म्हणणार नाही, पण वेग कमी करून, दोन्ही हातांनी चक्र धरून, दुरुस्तीच्या वाटेवर चाललेल्या अशा माणसाविषयी कांटला जो आदर वाटला तो त्याला पुरता देय आहे, हे मी मान्य करतो.