एक पाऊल मागे



देवणीचे नाव दूरवर पोहोचले ते आपल्या गोवंशामुळे. वानेरा, वाघ्या, बालंक्या या जातींची ओळख आपल्याला वेगळी करून द्यायला नको. बैल विकत घेणारा शेतकरी बाजारात काय करतो, तेही आपण पाहिलेले आहे. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, पाठीवर थाप मारतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून घेतो. त्यात कोणाला गैर वाटत नाही, कारण बैल विकायला आणलेला असतो. पण बैलाच्या धन्याशी तो असा वागत नाही. जुन्या रीतीने उपरण्याखाली बोटांनी भाव ठरवायचा असला, तरी आधी दोघांनी आपापला हात पुढे केलेला असतो. माल विकायला आहे, माणूस विकायला नाही, हे त्या बाजारात कोणाला शिकवावे लागत नाही.

मग तोच माणूस कापडाच्या दुकानात शिरला की हा फरक का विसरतो?

आपल्या धर्मग्रामातील किती तरी मुले-मुली आज दुकानांत कामाला आहेत. कोणी इथेच, कोणी उदगीरला, कोणी लातूरला. कापड, मोबाईल, औषधे, पेट्रोल पंप अशी कामे. त्यांच्याशी बोलताना पगाराची, दिवसभर उभे राहण्याची तक्रार ऐकू येतेच. पण एक तक्रार फार हळू आवाजात येते. गिऱ्हाईक फार अंगावर येते.

एका घरची गोष्ट आम्हाला कळली. मुलगी साड्या दाखवण्याचे काम करते. ‘अंगावर धरून दाखव’ असे गिऱ्हाईक म्हणते आणि ती दाखवते. ते तिचे कामच आहे. एके दिवशी बायकोसोबत आलेल्या गृहस्थांनी ‘असा नाही, असा’ म्हणत हात लांब केला आणि तिच्या खांद्यावरचा पदर स्वतःच नीट करू लागले. ती मागे सरली, तर पाठीला कपाट लागले. पुढे काउंटर होते. मालकाने पाहिले आणि मान खाली घालून बिल लिहायला घेतले. रात्री दुकान बंद करताना तो म्हणाला, “गिऱ्हाईक हाय, जरा सांभाळून घ्यावं लागतंय.” मुलीने घरी कितीतरी दिवस सांगितले नाही. का? सांगितले असते तर घरचे म्हणाले असते, उद्यापासून कामाला जाऊ नको. चूक दुसऱ्याची आणि शिक्षा हिला. पगारही गेला असता आणि घराबाहेर पडण्याची मोकळीकही.

मुलांचीही सुटका नाही. औषधाच्या दुकानातल्या पोराची कॉलर धरून ‘आधी माझं दे’ म्हणणारे आहेत. मोबाईल दाखवणाऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पडदा बघणारे आहेत. पोर असल्यामुळे त्याने ते हसण्यावारी न्यावे, अशी आपली अपेक्षा असते.

यावर कोणी म्हणेल, हे शहरी लाड आहेत. आपल्याकडे माणसे जवळच उभी राहतात. खेड्यातून आलेली आजी काउंटरवरच्या मुलीची हनुवटी धरून ‘कोणाची लेक गं माय तू?’ असे विचारते, तेही चूक का? प्रश्न रास्त आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ साली एका पुस्तकात माणसामाणसांतील अंतराची मापे मांडली. सुमारे दीड फुटाच्या आत फक्त अगदी जिवलग माणसे येतात, दीड ते चार फुटांत ओळखीची, आणि कामापुरते बोलणारे त्याच्याही पलीकडे. पण ही मापे सगळ्या समाजांत सारखी नसतात, हेही हॉल यांनीच सांगितले. आपली दुकाने आठ-दहा फुटांची, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही. तिथे टेप घेऊन अंतर कोण मोजणार?

आणि स्पर्श हा काही मुळात वाईट नाही. कासार बांगड्या भरताना परक्या बाईचा हात हातात घेतो. पण तो हात तिने स्वतः पुढे केलेला असतो. दुखले तर ती ‘आई गं’ म्हणते आणि कासार थांबतो. बांगड्या भरून झाल्यावर त्याला नमस्कार करण्याचीही रीत आहे. इतका जवळचा स्पर्श, तरी त्यात अपमान नाही. म्हणजे प्रश्न इंचांचा नाही. हात कोणी पुढे केला आणि ‘नको’ म्हणण्याची सोय कोणाला आहे, हा प्रश्न आहे.

अंतराचा दुसरा अन्याय तर आपल्याच कित्येक घरांनी भोगला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे. पैसे जमिनीवर ठेवायचे, माल वरून टाकला जायचा. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. पण ती आठवण इतक्या लवकर जात नाही. म्हणून ‘लांब राहा’ हा शब्द आपल्याला टोचतो, आणि तो टोचलाच पाहिजे. आज काउंटरवरच्या मुलाच्या हातात नोट न देता ती त्याच्यापुढे फेकणारे आहेतच. तोही अपमानच आहे.

तेव्हा दूर ठेवून अपमान होत होता, आता अंगावर येऊन होतो. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. अंतर किती असावे हे एकट्या बलवानाने ठरवले. दुसऱ्याला कोणी विचारलेच नाही.

शुभवर्तमानात एक छोटा प्रसंग आहे, तो आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. लोकांची गर्दी येशूला चेपू लागली, तेव्हा त्याने शिष्यांना एक लहान होडी तयार ठेवायला सांगितले. एकदा तो सिमोनच्या होडीत बसला, ती काठापासून थोडी आत न्यायला सांगितली आणि तिथून लोकांना शिकवले. ज्याने कुष्ठरोग्याला हात लावला, त्यालाही गर्दीपासून हातभर जागा लागली. ती मागण्यात त्याला लोकांविषयीचा कंटाळा दिसला नाही. जागा घेऊन तो शिकवतच राहिला. दुकानातल्या त्या मुलीजवळ होडी नाही. पाठीमागे कपाट आहे, पुढे काउंटर आहे आणि महिनाअखेरचा पगार आहे. तिला मागे सरता येत नाही. म्हणून ज्याला सरता येते त्याने सरावे. आम्हाला तरी यातले कर्तव्य एवढे साधे दिसते.

हे आपल्याला जमत नाही असेही नाही. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत किराणा दुकानांपुढे चुन्याने, खडूने गोल आखले होते. आपण त्या गोलात उभे राहिलो. तेव्हा भीती स्वतःच्या जिवाची होती. दुसऱ्याच्या मानासाठी आपण तेवढे करू का?

कायदाही या बाबतीत गप्प नाही. १९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही महिलेला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे गिऱ्हाईकही त्यात आले. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानातील महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार देता येते. हे आपल्या मुलींना माहीत असू द्या. पण पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या मालकाला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्याला कायदा बोलते करू शकत नाही. आणि कॉलर धरलेल्या पोराला तर या कायद्याचा आधारही नाही.

तेव्हा आपण काय करावे? दुकानात काउंटरच्या अलीकडे थांबावे. वस्तू हवी असेल तर बोट दाखवावे, हात घालू नये. पैसे हातात द्यावेत. समोरचा मागे सरला, तर आपणही एक पाऊल मागे घ्यावे आणि रागावू नये. आजीने हनुवटी जरूर धरावी, पण पोरगी आक्रसली तर हात सोडावा. आपल्यातल्या दुकानदारांनी नोकराच्या बाजूने एक वाक्य बोलायला शिकावे, ‘दादा, जरा अलीकडे उभे राहा, ती दाखवते.’ एवढ्याने गिऱ्हाईक तुटत नाही. तुटले, तर तो तोटा मालकाने सोसावा, मुलीच्या माथी मारू नये.

आणि पालकांनो, तुमची मुलगी संध्याकाळी गप्प गप्प घरी आली तर तिला जवळ बसवून विचारा. पण त्याआधी तिला एक शब्द द्या, तू खरे सांगितलेस म्हणून तुझे काम सुटणार नाही. हा शब्द मिळाला तरच ती बोलेल.