करवंदाची जाळी आणि दानाचा प्रश्न

दान म्हणजे एखाद्या वस्तूवरील आपले स्वत्व, अर्थात मालकी, सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, अशी धर्मशास्त्राची व्याख्या असल्यामुळे दाता, देय वस्तू आणि ती स्वीकारणारा प्रतिग्रहीता यांच्यावाचून दान संभवत नाही. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत हीच चौकट दिसते. आंब्याच्या व करंजाच्या लागवडीची शेते दान दिल्याचे तेथे दात्यांच्या नावांनिशी कोरलेले आहे. ओतूरहून माळशेजकडे जाताना डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीत आपोआप माजलेल्या करवंदाच्या जाळीला असा लेख लागत नाही, कारण जी कोणी लावलीच नाही तिचा दाता कोण म्हणायचा?

करवंद कण्हेरीच्या कुळातले असल्याने कच्चे फळ तोडताच देठातून पांढरा चीक गळतो आणि बोटांना चिकटून बसतो. वैशाखाच्या उन्हात काळे झालेले फळ मात्र हात लावताच सुटते, आणि दाताने फोडल्यावर आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा निवाडा मुले जाळीपाशीच उरकतात. बुलबुलांपासून कोल्ह्यांपर्यंत अनेकांचे पोट या फळावर भरते व त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर पडते, म्हणजे जाळीचे देणे निष्काम, फळाची अपेक्षा न धरता केलेले, म्हणता येत नाही. शिवाय ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात समत्वाच्या, म्हणजे शत्रू-मित्रांविषयी सारखी वृत्ती ठेवण्याच्या, दृष्टान्तात येणारा वृक्ष लावणाऱ्याला आणि घाव घालणाऱ्याला एकच सावली देतो. करवंद त्या कसोटीला उतरत नाही, कारण ज्या काट्यांतून बुलबुल सहज आत शिरतो तेच काटे गुरांचे तोंड अडवतात. अर्थात याच अडवणुकीच्या आडोशाला इतर झाडांची रोपे चरण्यातून वाचतात, हे त्या दृष्टान्तात न मावणारे औदार्य आहे.

अपेक्षेने देणे हिणकस ठरते का, या प्रश्नाला ओतुरातच एक वेगळे उत्तर सापडते. मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या सान्निध्यात, परंपरेनुसार तुकोबांचे गुरू असलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. त्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, पण त्याच वेळी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात आपल्याला त्याचा विसर पडला, असे तुकोबांनीच अभंगात सांगितले आहे. गुरूच्या त्या मागण्याने मंत्राचे मोल उणे झाल्याचे वारकरी परंपरेने कधी मानले नाही. उलट त्या तुपामुळेच देणारा आणि घेणारा एका पंक्तीला येतात. जाळीचे मागणे याहूनही थोडके आहे, फक्त बी कुठेतरी मातीत पडावी इतकेच. पळसाच्या द्रोणातून विकत घेऊन शहरात खाल्लेल्या करवंदांची बी मात्र द्रोणासकट कचऱ्याच्या डब्यात जाते, आणि तेवढे तूप द्यायचे राहून जाते.