कारण न कळलेली दुरुस्ती

दुरुस्ती झाली म्हणजे दोष सापडला, असे आपण सहज धरून चालतो. १९९९ साली आमच्या छापखान्याच्या जुन्या मारुती व्हॅनने माझा हा समज मोडला.

७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. सीट उचलली की सारा संसार समोर. सावंतवाडीला माल पोचवून परतताना आंबोली घाटाच्या चढावर ती झटके देऊन बंद पडे. अर्धा तास सावलीत उभी केली की काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होई. बेळगावात गॅरेजला नेली की शहाण्यासारखी चाले.

तापल्यावरच उद्भवणाऱ्या या दुखण्याची कारणे निरनिराळी असू शकतात. इग्निशन कॉइल तापली की आतली तार सुटते, ठिणगी मिळत नाही. निवली की पुन्हा जुळते. किंवा पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. बाहेरून लक्षण एकच. निवाडा करायचा तर गाडी बंद पडेल तिथेच प्लगची वायर काढून ठिणगी पाहावी; ठिणगी ठसठशीत असेल तर पेट्रोलकडे वळावे. एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी हेच सांगितले होते. “साहेब, बंद पडेल तेव्हा मी सोबत पाहिजे की. चालत्या गाडीत काय बघू?” त्यांना दिवसभर घाटात नेण्याचा खर्च मला जड वाटला.

दुसऱ्या गॅरेजने एकाच दिवशी कॉइल, प्लग, पेट्रोल पंप बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, टाकी रिकामी करून धुतली. गाडी पुन्हा घाटात थांबली नाही.

पण त्याआधीच मी ड्रायव्हरवर संशय घेतला होता. पेट्रोल विकून तो रॉकेल मिसळतो, असे तोंडावर बोललो होतो. “मालक, टाकीतलं बाटलीत काढून बघा की,” एवढेच तो म्हणाला. मी पाहिले नाही. आता टाकीतले पेट्रोल गटारात गेले होते आणि कॉइल भंगारात. दिवाळीच्या आत तो काम सोडून गेला.

आपल्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक सांगितला आहे: हे असता ते असते, हे नसता ते नसते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जवळपास हीच कसोटी मांडली. ती लावायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. पाच गोष्टी एकदम बदलल्याने गाडीचे काही बिघडत नाही; तिला कारण नको असते. गॅरेजवाल्यालाही नको असते, कारण शोधण्याच्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. मी तरी कुठे देत होतो? कारण हवे होते ते एका माणसाला, आणि त्याचा पुरावा मी पैसे मोजून नाहीसा करवला. कॉइल दोषी ठरली असती तर मला त्याची क्षमा मागावी लागली असती. ती वेळ टळल्याचे मला बरे वाटले नव्हते, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

पुढे ते म्हातारे मेस्त्री बाजारात भेटले. गाडी सुधारल्याचे मी कौतुकाने सांगितले. त्यांनी विचारले, “जुनं सामान मागून घेतलं का, साहेब? कॉइल तापवून मीटर लावून बघितलं असतं की.”

मी गाडीचे भाडे, कागदाचे भाव असे काहीबाही बोलत राहिलो.