खोली कोणाची?



नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी तुम्ही आम्हाला बोलावता, तेव्हा तुमच्या मागोमाग आम्ही प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडत जातो. पूर्वी हा क्रम ठरलेला असे. आधी आल्तार, मग स्वयंपाकघर, मग निजायच्या खोल्या आणि घर वाडीत असेल तर शेवटी विहीर. अलीकडे त्यात एका खोलीची भर पडली आहे. यजमान दार उघडतात, दिवा लावतात आणि थोडे लाजत म्हणतात, ''फादर, ही मुलांची प्लेरूम.'' भिंतीवर ढग नाहीतर जिराफ, जमिनीवर रंगीत फोमच्या चटया, कोपऱ्यात छोटासा तंबू. आम्ही तिथेही पाणी शिंपडतो, आणि आणखी उडवा म्हणून मुले आमच्या मागे लागतात.

काही ज्येष्ठ मंडळींना हे पटत नाही. मिस्सेनंतर ती आम्हाला तसे सांगतातही. आम्ही खळ्यात गोट्या खेळलो, चिखलात लोळलो, आम्हाला कुणी खोली दिली होती? खरे आहे. आपल्याला खोली नव्हती, कारण खळे होते, ओटी होती, आणि रस्त्याने तासातून एखादी एसटी जात होती. ज्या खळ्यात आपण खेळलो तिथे आता आपणच गाड्या उभ्या करतो. तेव्हा चार भिंतींत का होईना, पण मुलांना जागा करून देणाऱ्या आईबापांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याकडे फारसा उरलेला नाही.

खेळ हा मुलांचा हक्क आहे हे जगाने लेखीही मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने 1989 साली बालहक्कांचा जो करार केला, त्याच्या 31व्या कलमात खेळाचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने तो करार 1992 साली स्वीकारला. म्हणून अशी खोली करताय, तर नीट करा. कपाट भिंतीला स्क्रूने पक्के बसवा, मुले त्यावर चढणारच. खिडकीला गज हवेत. घरगुती रंगात शिसे किती असावे यावर 2017च्या नोव्हेंबरपासून मर्यादा आली आहे, पण माळ्यावर पडलेला जुना डबा उघडून भिंत रंगवू नका. 2021पासून खेळण्यांवरही आयएसआयचे चिन्ह बंधनकारक आहे, जत्रेत घेतानाही ते पाहा. आणि फळ्या मुलांच्या उंचीच्या ठेवा. मारिया माँटेसोरी यांनी 1907 साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेव्हा त्यांनी खुर्च्या-टेबले मुलांच्या मापाची करून घेतली होती. स्वतःची वस्तू स्वतः घेता आली आणि स्वतः ठेवता आली की मूल ती जपायलाही शिकते.

आम्हाला सतावणारा प्रश्न मात्र रंगाचा नाही, खर्चाचाही नाही. ही खोली कोणाची, हा आहे.

मुलांची, असे उत्तर कुणीही देईल. पण मोठी माणसे मुलांच्या हातात खेळणे देतात तेव्हा त्यांच्या मनात काय असते? ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या आठव्या भागात आर्किटस नावाच्या माणसाच्या खुळखुळ्याचे कौतुक केले आहे. कारण काय, तर मुलांच्या हाती तो दिला की ती घरातल्या वस्तू फोडत नाहीत! सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा विचार वाचून आम्हाला सेमिनरीत हसू आले होते. आज मोबाइल मुलांच्या हाती का जातो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. संत थॉमस अक्वायनस पुढे जातात. शुभवर्तमानकार संत योहानाची एक जुनी गोष्ट ते सांगतात. धनुष्य सतत ताणलेले राहिले तर मोडेल, तसेच माणसाच्या मनाचे आहे, म्हणून खेळात मनाची विश्रांती आहे, असे त्यांचे म्हणणे. हे मोठ्यांच्या खेळाविषयी झाले. चार वर्षांचे मूल कशापासून विश्रांती घेत असते? ते खेळते ते खेळण्यासाठीच. याविषयी संत थॉमस यांनीच दुसऱ्या एका ठिकाणी लिहिले आहे. ज्ञानाचे चिंतन खेळासारखे आहे, कारण दोन्ही आपल्या स्वतःसाठीच केली जातात. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात सृष्टी घडत असताना ज्ञान परमेश्वरासमोर आनंदाने खेळत होते असे वर्णन आहे, त्याचा आधार ते तिथे घेतात. खेळाला इतका मान देणारा दाखला आम्हाला तरी दुसरा ठाऊक नाही.

हे सगळे आम्हाला पाठ होते. आणि हे सगळे पाठ असूनही आम्ही चुकलो. ती हकिकत आमच्या धाकट्या भावाच्या आणि भावजयीच्या परवानगीने इथे लिहितो.

आमचे जुने घर पाडून तिथे इमारत झाली, तेव्हा भावाच्या वाट्याला दोन बेडरूमचा फ्लॅट आला. एका खोलीत तो, भावजय आणि दोन मुले, दुसऱ्या खोलीत आमची आई. मुले सात आणि चार वर्षांची. त्यांच्यासाठी आईच्या खोलीची प्लेरूम करावी असा विचार निघाला. तो कुणी काढला हे आता कुणालाच नक्की आठवत नाही. भावाने फोन करून आमचे मत विचारले. आई काय म्हणते, असे आम्ही विचारले. ''ती तर स्वतःच म्हणते, घ्या,'' भाऊ म्हणाला. ''मग प्रश्न कुठे आहे?'' आम्ही म्हणालो.

कुणीही स्वतःच्या इच्छेने अन्याय सोसत नाही, असे ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात मांडले आहे. जो राजीखुशीने देतो त्याचे नुकसान होईल, पण त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. हे सूत्र आम्ही परीक्षेत लिहिले होते, गुणही चांगले पडले होते. फोन ठेवला आणि आम्ही आमच्या कामाला लागलो.

दोन महिन्यांनी एक रात्र राहायला गेलो. खोली खरोखर सुंदर झाली होती. आकाशी भिंती, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या, मुलांच्या हाताला येतील अशा फळ्या. भावजय बालवाडीत शिकवते, तिने प्रत्येक गोष्ट विचाराने केली होती. मुले आम्हाला हाताला धरून सगळे दाखवत होती. आईची खाट हॉलमध्ये सोफ्याच्या मागे गेली होती. तिची पत्र्याची पेटी गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली.

रात्री साडेनऊला टीव्ही चालू होता. आई रोझरी हातात घेऊन खाटेच्या कडेला बसली होती. लोकांसमोर ती आम्हाला फादर म्हणते, एकटी असली की घरचे नाव घेते. भाऊ फोन घेऊन गॅलरीत गेला तेव्हा तिने हळूच घरच्या नावाने हाक मारली आणि विचारले, ''ही माणसं झोपायला कधी जातील रे?''

तक्रार अशी तिने केलीच नाही. हॉल रिकामा होण्याची ती वाट बघत होती, म्हणजे तिला आडवे होता आले असते. भावाने आणि भावजयीने तिला कधी दुखावले नव्हते, तिचे औषधपाणी वेळेवर होते. तरीही त्या घरात निजण्यासाठी तिला आता दुसऱ्यांच्या वेळापत्रकाची परवानगी लागत होती.

ॲरिस्टॉटलचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आमचे चुकले. आई हो म्हणते का, एवढेच आम्ही विचारले. तिला नाही म्हणता आले असते का, हे विचारले नाही. सत्तरी ओलांडलेली, मुलाच्या घरात राहणारी बाई नातवंडांच्या खेळाला नाही कशी म्हणेल? आणि म्हणाली असती तर त्या घरात ती कोण ठरली असती? ज्याच्याकडे दुसरी जागा नाही त्याच्या होकाराचे वजन आपण फार घाईने करतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, प्रभू येशू परूशी लोकांना कुर्बानाविषयी बोल लावतो. आईबापांच्या उपयोगी पडावी अशी वस्तू, ती देवाला वाहिली आहे असे म्हणून मुलगा बाजूला काढत असे. त्यावर कुणाला बोलता येत नसे, कारण देवाचे नाव मध्ये आले. आपण आता कुर्बान हा शब्द वापरत नाही. आपला शब्द आहे 'मुलांसाठी'. हा शब्द उच्चारला की आजी गप्प, आजोबा गप्प, धर्मगुरूसुद्धा गप्प. मुलांना मात्र यातले काही ठाऊक नसते. त्यांनी खोली मागितली नव्हती, आणि कुणाची घेतली हेही त्यांना कुणी सांगितले नव्हते. चौथी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून घोकून घेतो. पण आईबाप म्हातारे झाल्यावरच तिची खरी कसोटी लागते, आणि तोवर वर्ग सुटलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भावाशी बोललो. तो चिडला. ''तुला हप्ते भरायचे नाहीत, पोरं सांभाळायची नाहीत. फोनवर हो म्हणालास ते तूच ना?'' यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. कुटुंबाचा भार न उचलणाऱ्याने कुटुंबाला किती सांगावे, हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंना नेहमी पडायला हवा. आम्ही त्याची क्षमा मागितली आणि आईचीही. आई म्हणाली, ''त्यात काय एवढं!'' आणि चहा टाकायला उठली.

वाट काढली ती भावजयीने. तिच्या बालवाडीच्या अभ्यासात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम होते. आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला 1945 साली त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवले. शिंपले, बिया, खडे हे तिथले शिक्षणाचे साहित्य. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर अंगणात शाळा भरली, गुरे चारायला गेलेल्या मुलांसाठी कुरणातही भरली. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. बंद खोली मिळाली की शाळा होते असे त्या दोघींनी मानले नाही, एवढेच. ''मी रोज बालवाडीत एका खोलीत पंचवीस मुलं खेळवते,'' भावजय म्हणाली, ''आणि घरी दोघांसाठी अख्खी खोली रिकामी केली.''

महिनाभराने आईची खाट परत खिडकीखाली गेली. फळ्या समोरच्या भिंतीला राहिल्या, तंबू निघाला. भिंती आकाशीच आहेत.

जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेमचे भावी चित्र आहे. हातात काठी घेतलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या शहराच्या चौकात बसल्या आहेत, आणि तेच चौक खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. देवाने शहराचा नकाशा काढला तेव्हा दोघांना एकाच जागी ठेवले. ते वाचताना सगळे शांत वाटते. प्रत्यक्षात म्हातारीची झोपमोड होते आणि मुलांचा चेंडू जप्त होतो, हे संदेष्ट्याने लिहिलेले नाही. आमची आई ओरडते. धाकटीने एकदा तिची रोझरी बाहुलीच्या गळ्यात घातली, त्यावरून मोठा प्रसंग झाला. खेळ कधीकधी हॉलमध्ये सांडतो आणि मग भाऊ कुरकुरतो.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक विचारांवर 1932 साली जे पुस्तक लिहिले, त्याची सुरुवात गोट्यांच्या खेळापासून केली आहे. खेळाचे नियम कोण करतो, ते बदलता येतात का, असे तो मुलांना विचारत असे. न्याय म्हणजे काय हे मुले मोठ्यांच्या हुकमातून तितके शिकत नाहीत, जितके बरोबरीच्या सोबत्यांशी देवघेव करताना शिकतात, असे त्याला दिसले. आमची आई काही मुलांच्या बरोबरीची नाही. पण ती खाली बसली की उठायला तिला मुलांचा हात लागतो, त्यामुळे देवघेव बरी चालते.

मागच्या खेपेला आम्ही थोरल्याला विचारले, ''ही खोली कोणाची रे?'' त्याने थोडा विचार केला. ''आजीची,'' तो म्हणाला. ''पण चार वाजल्यापासून रोझरीपर्यंत आमची. आणि खाटेखालची जागा कायमची आमची.'' हे कुणी ठरवले असे विचारले, तर दोघांनी आजीकडे बोट दाखवले आणि आजीने त्यांच्याकडे. छतावरच्या चांदण्यांमुळे आपल्याला झोप लागत नाही, ही आईची तक्रार अजून चालू आहे.