शिळे, उष्टे आणि भिंत

आपल्या भाषेत उरलेल्या अन्नाला दोन शब्द आहेत. रात्रीचे जे सकाळपर्यंत उरते ते शिळे. पानात टाकले जाते ते उष्टे. शेजारच्या कन्नडनेही हा भेद तितक्याच कसोशीने सांभाळला आहे. तिच्यात शिळे ते ‘तंगळु’ आणि उष्टे ते ‘एंजलु’. एका दारी मराठी आणि दुसऱ्या दारी कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलखात पुष्कळ गोष्टींवरून वाद होत आले. पण रात्रीच्या भाताचे सकाळी काय करायचे याबद्दल दोन्ही स्वयंपाकघरांचे एकमत आहे. मराठी घरात त्याचा फोडणीचा भात होतो, कन्नड घरात चित्रान्न. करणारी बाई आधी तो भात हुंगते, चिमटीत घेऊन पाहते, मग आपल्याच माणसांना वाढते आणि स्वतःही खाते. उष्टे मात्र कोणी कोणाला सन्मानाने वाढू शकत नाही.

हा भेद मला हल्ली वेगळ्याच संदर्भात आठवतो. औष्णिक वीजकेंद्रांची राख, पोलादाच्या भट्टीतून निघणारा स्लॅग, फाउंड्रीतली जळकी वाळू, पाडलेल्या घरांचा राडारोडा, या सगळ्यांपासून विटा, फरशा आणि सिमेंट बनू लागले आहे. त्याला ‘शाश्वत बांधकाम’ असे भारदस्त नाव मिळाले आहे आणि त्याचे कौतुकही होते. कौतुक रास्तच आहे. परंतु त्या कौतुकाखाली एक नैतिक प्रश्न झाकला जातो असे मला वाटते. आपला कचरा दुसऱ्याच्या भिंतीत घालण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोचतो? ही वीट शिळ्याची आहे की उष्ट्याची?

जुन्या वस्तूतून नवे घर उभे करणे आपल्याला नवे नाही. आपल्याकडे जुने घर ‘पाडत’ नसत, ‘उतरवत’ असत. पहिल्यांदा कौले उतरत, मग वासे, मग आढे आणि तुळया. दाराच्या चौकटी शाबूत निघत आणि शेवटी भिंतीचे चिरे एकेक करून सुटत. तो चिरा दुसऱ्या घराच्या जोत्यात जाई. गोव्यात १८४३ साली पणजी राजधानी ठरली, त्या सुमारास ओस पडलेल्या जुन्या गोव्यातील वास्तूंचा दगड नव्या शहराच्या बांधकामाला गेला. फुटक्या विटाही वाया जात नसत. त्या कुटून त्यांची सुर्खी करीत आणि चुन्याच्या घाणीत ती चुन्याबरोबर मळत. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही टिकणारा घट्ट पदार्थ तयार होतो. १८९५ साली पुरे झालेले मुल्लपेरियार धरण अशाच चुना-सुर्खीवर उभे आहे.

आजची राखेची वीट ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या सुर्खीचीच नात आहे. दगडी कोळसा जळाल्यावर धुरांड्यात अडवली जाणारी बारीक राख, चुना किंवा सिमेंट, थोडे जिप्सम आणि दगडाची भुकटी एवढ्यावर ती तयार होते. तिला भट्टी लागत नाही आणि शेतातली वरची कसदार मातीही लागत नाही. सिमेंटमध्ये राख मिसळली तर लाभ आणखी मोठा. एक टन क्लिंकर भाजताना साधारण आठशे ते साडेआठशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनातून नव्हे, तर चुनखडीतूनच सुटतो. म्हणजे भट्टी कितीही सुधारली तरी तो चुकत नाही. क्लिंकर कमी वापरणे हाच मार्ग उरतो. बाजारात पीपीसी म्हणून मिळणाऱ्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीत ती आधीच येऊन बसली आहे.

उलट, हा कचरा न वापरता ढिगात ठेवणे म्हणजे निष्पाप राहणे, असेही नाही. राखेचे आणि कारखान्यांच्या गाळाचे तलाव कोणाच्या तरी गावाच्या वरच्या अंगालाच असतात. ऑक्टोबर २०१० मध्ये हंगेरीतील आयका येथे ॲल्युमिना कारखान्याच्या लाल गाळाचा बांध फुटला आणि दहा माणसे दगावली. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यात राखेचा बांध फुटून माणसे वाहून गेली. आपल्या बेळगावातही यमनापूरला कित्येक दशके बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढला जातो. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन लाल गाळ उरतो. त्यात कॉस्टिकचा अंश असतो, आणि लोहही भरपूर असते. सिमेंटच्या भट्टीला लोह लागतेच. ढिगात जो धोका आहे तो भट्टीत कच्चा माल ठरतो. म्हणून ‘कचरा वापरूच नका’ म्हणणाऱ्याला मी धर्मभोळा म्हणेन. तो आपला विटाळ टाळतो आणि गावावर मात्र बांध ठेवतो.

मग अडचण कुठे आहे? ती ओळखीत आहे. घर उतरवणाऱ्याला चिरा कोणत्या भिंतीचा हे ठाऊक असे. आपल्या घरांवरची मंगळुरी कौले पाहा. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला, आणि पुढे निघालेल्या कारखान्यांनीही कौलाच्या पाठीवर आपले नाव उठवण्याची रीत पाळली. ते कौल तीन घरांवरून उतरून चौथ्या घरावर चढले तरी नाव सांगत राहते. आजचा राडारोडा मात्र ट्रकमध्ये पडताक्षणी आपले नाव हरवतो. त्यात विटा असतात, काँक्रीट असते, रंगांचे पोपडे असतात आणि सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडेही असतात, ज्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. यंत्रातून सगळे एकजीव होऊन निघाले की पुढच्या माणसाला त्यातले काहीच ओळखता येत नाही.

नाव हरवले की काय होते, याचे एक उदाहरण तैवानचे आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथे भंगारातून केलेल्या पोलादात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य मिसळले गेले. त्या पोलादाच्या सळ्या झाल्या, आणि त्या सळ्या घरांच्या खांबांत व छतांत गेल्या. १९९२ मध्ये तैपेईच्या एका वसाहतीत हा प्रकार उघडकीस आला. तोवर शेकडो कुटुंबे त्या भिंतींच्या आत जेवली, झोपली आणि त्यांची मुले तिथे वाढली. भंगार गोळा करणारा, वितळवणारा आणि घर बांधणारा यांपैकी कोणी पहिल्या वस्तूचे नाव विचारले असते तर हे टळले असते. आपल्याकडेही २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातून तेच द्रव्य भंगारवाल्यांच्या हाती पडले आणि एका कामगाराचा जीव गेला.

इतके भयंकर क्वचितच घडते, हे मी जाणतो. पण तत्त्व लहान गोष्टीतही तेच राहते. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगावात फाउंड्रीची वाळू पुनःपुन्हा वापरून शेवटी फेकावी लागते. ज्या वाळूत नुसती बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड होती, तिचे पेव्हर ब्लॉक करायला सहसा हरकत नाही. रेझिन घालून बांधलेल्या वाळूत फिनॉलसारखी द्रव्ये उरू शकतात. ती पाण्यात उतरतात की नाही हे आधी तपासावे लागते. दोन्ही ढीग दिसायला सारखेच काळे असतात. फरक फक्त कारखान्याच्या वहीत असतो. ती वही विटेबरोबर पुढे गेली तर ते शिळे. मागेच राहिली तर उष्टे.

इथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, राख शुद्ध आहे, तपासलेली आहे, मग ती कोणाच्या घरात गेली याने काय बिघडते? याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मेलेल्या जनावराचे मांस आणि घरोघरचे शिळे-उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. शिळे आणि उष्टे हा जो भेद मी आरंभी मोठ्या कौतुकाने सांगितला, तो तिथे गळून पडतो. घरातल्या माणसांनी वाटून खाल्लेली शिळी भाकर ही काटकसर असते. तीच भाकर दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून टाकली की अपमान होते. भाकर तीच, नाते वेगळे. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल तर निर्मळ वस्तूही उष्टी होते.

म्हणून कचऱ्याच्या विटेला माझी एकच कसोटी आहे. ज्याने कचरा केला तो ती वीट आपल्या स्वतःच्या घराला लावील काय? राखेच्या वापराबद्दल केंद्र सरकारने १९९९ पासून अधिसूचना काढल्या. २०१६ च्या दुरुस्तीत वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिघातील बांधकामांना हा नियम लागू झाला आणि सरकारी घरकुल योजनांचा त्यात नावानिशी उल्लेख आला. नियम फक्त गरिबांच्या घरांपुरता नाही, हे खरे. पण नियमाची अंमलबजावणी जिथे सोपी असते तिथेच आधी होते, आणि ज्याला विटेची निवड करायची मुभा नसते त्याच्या घरी ती सर्वांत सोपी असते. वीजकेंद्राच्या अधिकाऱ्यांची वसाहत, पालिकेची इमारत, बिल्डरचा स्वतःचा बंगला यांत ती वीट आधी दिसली, तर घरकुलात ती सन्मानाने जाईल.

जो ही वीट घडवतो त्याचेही पान याच पंगतीत मांडले पाहिजे. काँक्रीट फोडताना आणि वाळू चाळताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. सिलिकोसिसवर औषध नाही. तोंडाला पंचा बांधलेल्या मजुराने ती अडत नाही. पाणी मारत राहणे, यंत्राला बंदिस्त करणे, योग्य मुखपट्टी देणे याला पैसा लागतो. तो वाचवून स्वस्त झालेली वीट ‘हिरवी’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

आणखी एक मोह आहे, तो अधिक सूक्ष्म. फोडणीचा भात आवडतो म्हणून रोज पातेलेभर भात जास्त लावणाऱ्या बाईला आपण काटकसरी म्हणणार नाही. १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६९ दशलक्ष टन राख निघत होती आणि तिच्यातील दहा टक्केही वापरली जात नव्हती. २०२१-२२ मध्ये राख २७० दशलक्ष टनांवर गेली आणि वापर ९५ टक्क्यांच्या पुढे दाखवला गेला. प्रगती मोठीच आहे. पण राख चौपटीच्या आसपास वाढली, आणि ‘वापर’ या शब्दात सखल जमिनीत आणि जुन्या खाणींत केलेली भरही मोजली जाते, हेही ध्यानात ठेवावे. घरांचेही तेच. राडाराेडा पुन्हा वापरता येतो, मग चाळीस वर्षांची धडधाकट इमारत पाडायला काय हरकत, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो टिकत नाही. फोडलेल्या काँक्रीटची खडी नव्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम-२५ किंवा त्याहून कमी ताकदीच्या, वापरावी असे भारतीय मानकाने २०१६ मध्ये ठरवले. उरलेली खडी खाणीतूनच येते, आणि सिमेंट तर संपूर्ण नवेच लागते. उतरवलेला चिरा चिराच राहत होता. पाडलेला स्लॅब पुन्हा स्लॅब होत नाही. प्रायश्चित्ताची सोय झाली म्हणून पापाचे भय जाऊ नये.

मग सामान्य माणसाने करावे तरी काय? आयुष्यात एकदा घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या हातीही थोडे असते. पाडण्याआधी दुरुस्त होईल काय, हे जाणत्या गवंड्याला विचारावे. पाडावेच लागले तर लाकूड, कौले, चिरे, फरशा वेगळ्या उतरवून घ्याव्यात. मिसळल्यावर कोणतेही यंत्र त्यांना पूर्ववत करत नाही. राडारोडा नेणारा ट्रक कोणत्या नाल्याकाठी रिकामा होणार, हे ठेकेदाराला विचारावे, कारण ट्रक दिसेनासा झाला म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. राखेची वीट घेताना राख कुठली आणि वीट कुठे तपासली, तेही विचारावे. पीपीसीच्या पोत्यावर राखेचा उल्लेख छापलेला असतो. मग विटेने आपले कूळ का सांगू नये? रायचूरजवळच्या शक्तीनगरची, विजापूर जिल्ह्यातल्या कुडगीची की सोलापूरची राख, एवढे नाव प्रत्येक विटेवर उमटवणे अवघड नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कौलवाल्यांना ते जमत होते.

हे प्रश्न विचारले की वीट थोडी महाग पडेल. पडू द्यावी. आजवर ती स्वस्त होती, कारण उरलेली किंमत दुसरेच कोणी भरत होते.